पैसे ठेवा हो, पण कारण तरी सांगा

व्हिसा रिजेक्ट झाला की आपल्याकडे पहिली बोंब पैशांची होते. फी गेली, सेंटरचा सर्व्हिस चार्ज गेला, इन्शुरन्स गेला, तिकीट नॉन-रिफंडेबल काढलं होतं ते पण गेलं, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहितं की ही सरळसरळ लूट आहे, लगेच खाली अंगठे आणि रागावलेले चेहरे. मला हे अर्धंच पटतं. मी ठाण्यात नौपाड्याला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते. रिटर्नच्या कॉप्या, नेटवर्थ सर्टिफिकेट, फॉर्म सोळा असल्या कागदांसाठी व्हिसावाले आमच्याकडे कायम येत असतात, मे महिन्याची सुट्टी जवळ आली की तर विचारूच नका, त्यामुळे मंजूर झालेल्या आणि नाकारलेल्या दोन्ही प्रकारच्या फायली डोळ्यांखालून जातात. आणि हे सगळं बघून माझं मत असं झालंय की फी परत मिळत नाही हा मुद्दा दुय्यम आहे. खरा अन्याय आहे तो धड कारण न सांगता नाकारण्यात.

आधी पैशांचं बोलून घेते म्हणजे तो विषय संपेल. युरोपचा, म्हणजे तिथल्या २९ देशांत मिळून एकच चालणारा शेंगेनचा, व्हिसा ११ जून २०२४ पासून ८० युरोंवरून ९० युरोंवर गेला. सहा ते बारा वर्षांच्या पोरांना निम्मे म्हणजे ४५, सहाच्या आतल्यांना माफ. म्हणजे आई-बाबा, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा अशी आपली घोडबंदर रोडवरची टिपिकल फॅमिली धरली तर २२५ युरो नुसती फी. त्यावर अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस चार्ज, जो साधारणपणे फीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा असा त्यांचाच नियम आहे, आणि किमान ३०,००० युरोंचं कव्हर असलेला मेडिकल इन्शुरन्स, तो वेगळा. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाची फी १८५ डॉलर आहे, ब्रिटनने सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये ११५ पौंडांवरून १२७ केली. यातल्या फीचा एकही रुपया नकार आला तर परत येत नाही. वाईट वाटतं, मान्य. पण कोणीतरी बसून फाईल वाचलेली असते, बोटांचे ठसे तपासलेले असतात, त्या कामाचे पैसे घेतले तर त्यात लूट म्हणण्यासारखं काय आहे? आरटीओत ड्रायव्हिंगची टेस्ट नापास झालो तर आपण फी परत मागतो का? नाही मागत. पण तिथला इन्स्पेक्टर निदान सांगतो तरी की बाई, रिव्हर्स घेताना खांबाला लावलीत, जा आणि रिव्हर्स शिकून या. व्हिसाच्या बाबतीत तेवढंही नाही, माझं भांडण आहे ते इथे.

शेंगेनच्या नकाराचा कागद ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तो एक ठरलेला छापील फॉर्म असतो, सगळ्या २९ देशांचा एकच. त्यावर कारणांची तयार वाक्यं असतात आणि त्यांच्यासमोर चौकोन. लागू असेल त्या चौकोनात खूण केलेली असते, बस्स. आमच्या ऑफिसात येणाऱ्यांच्या कागदांवर फिरून फिरून दोनच चौकोनांवर खुणा दिसतात. एक, मुक्कामाचा हेतू आणि अटी यांचं समर्थन दिलेलं नाही. दोन, व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल रास्त शंका आहे. आता मला सांगा, सामान्य माणसाने या वाक्याचं करायचं काय? हॉटेलचं बुकिंग पटलं नाही का, ऑफिसचं रजेचं पत्र पटलं नाही का, बँकेत पैसे कमी दिसले का जास्त दिसले, की चाळीस पानांच्या फायलीतलं एक पान स्कॅन करताना उलटं गेलं? काहीच कळायला मार्ग नाही. फॉर्मवर शेरा लिहायला जागा असते म्हणतात, आमच्याकडे जे कागद येतात त्यात ती बहुतेक कोरीच असते.

आणि ही काही चार-दोन लोकांची गोष्ट नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी ११ लाखांच्या वर अर्ज गेले आणि त्यातले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे साधारण सातातला एक. या सातव्यामध्ये लबाड लोक नाहीत असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यावर येतेच खाली, पण सगळेच लबाड आहेत असंही कोणी म्हणणार नाही.

ज्यांच्या फायली मी बघते ना, त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते की ही सगळी कागदांची यादी पगारदार माणसाचं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून बनलेली आहे. तीन वर्षांचे रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट शिक्क्यासकट, तीन पगाराच्या स्लिपा, कंपनीचं एनओसी. ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी करणारा मुलगा हे सगळं एका दुपारी गोळा करतो. पण पाचपाखाडीतले ऐंशीला टेकलेले आजी-आजोबा घ्या. दोघांची पेन्शन, थोडं एफडीचं व्याज, सगळं एकाच बँकेत. सरकारने २०२१ पासून कलम १९४ पी आणलं, त्यात पंचाहत्तरच्या पुढच्यांना फक्त पेन्शन आणि त्याच बँकेचं व्याज असेल तर रिटर्न भरायची गरजच नाही, टॅक्स बँकच कापून भरते. म्हणजे आपल्याच सरकारने ज्येष्ठांच्या सोयीसाठी जो कागद काढून टाकला तोच कागद व्हिसाच्या यादीत पहिला. आमचे साहेब म्हातारी माणसं आली की पहिला प्रश्न विचारतात, मुलं बाहेर आहेत का? असतील तर रिटर्न भरत राहा हो, गरज नसली तरी भरा. असं एक जोडपं आमच्याकडे आलं होतं, लेक युरोपात एका देशात नोकरीला, बाळंतपणाला जायचं होतं, लेकीने तिथल्या सरकारी कार्यालयात जाऊन खर्चाचं हमीपत्रसुद्धा करून पाठवलं होतं. नकार आला. परत जाण्याच्या इराद्याबद्दल रास्त शंका. आजोबा मला विचारत होते, अगं या वयात मी तिकडे पळून जाऊन करणार काय, मला इकडे सकाळी मासुंदा तलावावर फेरी मारली नाही तर जेवण जात नाही. आता रिटर्न नव्हता म्हणून नाकारलं का लेक तिकडे असल्यामुळे हे दोघं तिकडेच राहतील असं वाटलं म्हणून नाकारलं, हे देव जाणे. पहिलं कारण असेल तर बँकेच्या एका पत्राने सुटलं असतं. दुसरं असेल तर घराचे कागद, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इथे असलेल्या धाकट्या मुलाचं पत्र, कितीतरी गोष्टी जोडता आल्या असत्या. पण कोणता दरवाजा बंद आहे हेच माहीत नसेल तर किल्ली कोणती आणायची?

नवी मुंबईतली गोष्ट अजून वेगळी आहे. नेरूळ, करंजाडे, उलवे या भागातली आगरी-कोळी कुटुंबं, ज्यांच्या जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोने घेतल्या आणि मोबदल्यात जमिनीचा काही हिस्सा परत देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेत ज्यांना प्लॉट मिळाले, त्यातल्या कित्येकांची आज बऱ्यापैकी मालमत्ता आहे, चार मजली घर, खाली गाळे, भाडं येतंय, अंगावर सोनं आहे. पण बँक स्टेटमेंट उघडलं तर त्यात काहीच नाही, कारण भाडं अर्धं रोखीत, प्लॉट आजोबांच्या नावावर, वारसांच्या नोंदी व्हायच्यात, रिटर्न गेल्या वर्षीपासून भरायला लागले. व्हिसा ऑफिसरला या फायलीत दिसतो एक माणूस ज्याला पगार नाही, नोकरी नाही, आणि ज्याला पंधरा दिवस स्वित्झर्लंड फिरायचंय. त्याने नाकारलं तर मी त्या ऑफिसरला दोष देणार नाही. त्याला साडेबारा टक्के म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नाही. (आपल्या मंत्रालयात तरी किती जणांना नीट माहितीये, असो.) पण त्याने जर ईमेलवर एक ओळ लिहिली असती की उत्पन्नाचं साधन स्पष्ट होत नाही, खुलासा करा, तर सिडकोचं पत्र, मालमत्ता कराची पावती, भाडेकरार असा खुलासा आठ दिवसांत मिळाला असता. आणि हे काही मी स्वप्नातलं बोलत नाहीये, जादा कागद मागवायची किंवा अर्जदाराला बोलावून विचारायची तरतूद शेंगेनच्या नियमातच आहे, निर्णयाची पंधरा दिवसांची मुदत पंचेचाळीसपर्यंत वाढवता येते ती त्यासाठीच. तरतूद आहे पण वापरण्यापेक्षा चौकोनात खूण करणं सोपं पडतं.

बायकांच्या नावांचा घोळ तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पासपोर्ट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँकेत तिसरंच, त्यात आपली मधल्या नावाची पद्धत, ते कधीतरी लिहीन.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, अहो, तो त्यांचा देश आहे, कोणाला घ्यायचं ते ते ठरवतील, कारणं द्यायला ते तुमचे नोकर नाहीत. अर्धं बरोबर आहे हे. आत घ्यायचं की नाही हा त्यांचा हक्क आहे, आणि व्हिसा मिळाला तरी विमानतळावरचा अधिकारी परत पाठवू शकतो हेही खरं. पण कारण द्यायचं की नाही हा प्रश्न वेगळा आहे आणि युरोपने स्वतःच त्याचं उत्तर देऊन ठेवलंय. युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निकाल दिला की शेंगेन व्हिसा नाकारला तर त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागायची सोय प्रत्येक देशाला ठेवावीच लागेल. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या एखाद्या सदस्य देशाच्या आक्षेपामुळे व्हिसा नाकारला असेल तर तो देश कोणता आणि आक्षेप कशाचा हे अर्जदाराला कळलं पाहिजे. म्हणजे तत्त्व त्यांनाच मान्य आहे की दाद मागायची तर आधी कारण कळायला हवं. तत्त्व आहे पण खिडकीपर्यंत पोचता पोचता त्याचा चौकोन होतो.

२०२५ च्या जुलै महिन्यात दोन गोष्टी घडल्या त्या मला शेजारी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. जर्मनीत एक चांगली पद्धत होती, व्हिसा नाकारला तर त्याच दूतावासाला साधं पत्र लिहून फेरविचार मागता यायचा, फुकट, वकील नको काही नको. १ जुलै २०२५ पासून त्यांनी ती जगभर बंद केली. कारण दिलं की त्यामुळे वाचलेल्या माणसांकडून नवे अर्ज लवकर निपटतील. आता नकार आला तर एक तर परत सगळी फी भरून नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात केस करा. कळव्याच्या माणसाने बर्लिनच्या कोर्टात केस करायची, पंधरा दिवसांच्या ट्रिपसाठी! आणि त्याच महिन्याच्या शेवटी कॅनडाने उलटी गोष्ट केली, व्हिजिटर व्हिसा वगैरे नाकारल्याच्या पत्रासोबत अधिकाऱ्याने फायलीवर लिहिलेल्या निर्णयाच्या नोंदी आपणहून जोडून द्यायला सुरुवात केली. पूर्वी त्या मिळवायला वेगळा माहितीचा अर्ज करावा लागायचा आणि महिनोन् महिने वाट बघावी लागायची. कॅनडाशी आपलं काय चाललंय, काय बिनसलंय ते सगळं बाजूला ठेवा, हे एक काम त्यांनी बरोबर केलं. ब्रिटनचंही तसंच, त्यांच्या टुरिस्ट व्हिसाच्या नकारावर अपील नाही, पण पत्र निदान वाक्यांत असतं, अमुक तारखेला तुमच्या खात्यात एवढी रक्कम जमा झाली आणि ती कुठून आली हे तुम्ही दाखवलं नाही, अशा भाषेत. वाचून राग येतो पण पुढच्या वेळेला काय करायचं ते कळतं. म्हणजे लाखो अर्ज येतात त्यामुळे कारणं लिहिणं शक्य नाही ही सबब चालत नाही, कारण लाखो अर्ज यांच्याकडेही येतात आणि हे लिहितायत.

अमेरिकेचं काय? तिथे कायदाच उघडपणे असं धरून चालतो की समोरचा माणूस कायमचा राहायला आलाय, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याची. कलम २१४ बी, १९५२ च्या कायद्यातलं. बीकेसीला त्यांच्या वकिलातीत जाऊन आलेल्या प्रत्येकाची तक्रार एकच, एवढा जाडा फोल्डर नेला होता, उघडलासुद्धा नाही, दोन-चार प्रश्न विचारले आणि हातात छापील चिठ्ठी दिली. अपील नाही. पण तिथे समोर माणूस असतो, तुम्ही काय उत्तर दिलं आणि कुठे अडखळलात ते तुम्हाला माहीत असतं, आणि मिळाला तर दहा वर्षांचा मिळतो. मला ती पद्धतही आवडत नाही, पण त्यात एक रोखठोकपणा आहे.

आता आपल्या बाजूची घाण पण बोलू. आमच्या ऑफिसात असे लोक येतात ज्यांना नेटवर्थ सर्टिफिकेटमध्ये सासऱ्याचा फ्लॅट स्वतःच्या नावाने हवा असतो. साहेब त्यांना बाहेरचा रस्ता दाखवतात, पण ते पुढच्या गल्लीत कोणाकडे जातात ते मला माहीत नाही असं थोडंच आहे. खात्यात दहा दिवसांसाठी चार लाख उसने आणून ठेवायचे, त्यासाठी व्याज घेणारे आहेत. डमी तिकीट तर राजरोस विकलं जातं. हॉटेल बुक करायचं, व्हिसा हातात पडला की कॅन्सल करायचं आणि चुलतभावाकडे राहायचं. फ्रान्सची अपॉइंटमेंट मिळाली नाही म्हणून ग्रीसकडून व्हिसा काढायचा आणि ग्रीसला एक रात्र काढून बाकी सगळे दिवस पॅरिस, हे तर लोक अभिमानाने सांगतात, खरं म्हणजे जिथे जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असा नियम आहे. आणि यापुढचं प्रकरण म्हणजे डिसेंबर २०२३ मधलं ते विमान, ३०३ प्रवासी, बहुतेक भारतीय, निकाराग्वाला निघालेले, फ्रान्समध्ये वात्री विमानतळावर अडवलं गेलं आणि त्यातले २७६ जण परत आले ते आपल्या मुंबईतच उतरले. इराणने २०२४ मध्ये भारतीयांना बिनव्हिसा यायची सोय दिली, तिचा फायदा घेऊन एजंटांनी नोकरीच्या आमिषाने पोरांना तिकडे नेलं, काहींचं अपहरण झालं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये इराणने ती सोय बंद केली. म्हणजे संशय घेणाऱ्यांच्या डोक्यात तो आपोआप उगवलेला नाही, आपल्यातल्याच काहींनी पेरलाय.

पण नेमक्या याच कारणासाठी मुका नकार जास्त घातक आहे असं माझं म्हणणं आहे. दूतावासवाले खाजगीत म्हणत असतील की कारणं सांगितली तर लोक पुढच्या वेळी तसे खोटे कागद बनवून आणतील. अहो, ज्यांना खोटे कागद बनवायचेत त्यांना कारणं आधीच माहीत आहेत, एजंट रोज पन्नास फायली टाकतो, काय चालतं काय नाही याचं गणित त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. माहीत नसतं ते फक्त सरळ माणसाला. आणि सरळ माणसाला एकदा न कळणारा नकार आला की तो पहिला जातो कुठे, तर एजंटकडे. एजंट फाईल चाळतो, चष्मा वर करतो आणि सांगतो, बॅलन्स कमी आहे काका, थोडा फुगवू या. काकांच्या फायलीत कदाचित बॅलन्सचा प्रश्नच नव्हता. पण काकांनी घाबरून मेहुण्याकडून तीन लाख घेतले, खात्यात टाकले, आणि दुसऱ्या वेळी फाईल खरोखरच संशयास्पद झाली. हे मी कल्पनेने लिहीत नाहीये. एका चौकोनातल्या खुणेने सज्जन माणसाला लबाडीच्या दारात नेऊन उभं केलं जातं आणि एजंटचं दुकान चालतं. ज्या दिवशी कारण लिहून मिळायला लागेल त्या दिवशी स्टेशनजवळच्या निम्म्या व्हिसा कन्सल्टंटना वडापावची गाडी टाकावी लागेल.

दुसरा एक सल्ला हल्ली फार मिळतो. कशाला जाता तिकडे, व्हिएतनामला जा, थायलंडला जा. थायलंड आपल्याला बिनव्हिसा घेतंय, मे २०२५ पासून फक्त विमानात बसण्याआधी एक ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट असतं (फुकट आहे हे लक्षात ठेवा, सर्च केल्यावर वर येणाऱ्या भलत्याच साइटवर लोक पैसे भरून बसतात). मलेशिया तसंच, कझाकस्तान चौदा दिवस तसंच, व्हिएतनामचा ई-व्हिसा पंचवीस डॉलरमध्ये घरबसल्या येतो. उलव्याचा, म्हणजे नवी मुंबईचा, विमानतळ २०२५ च्या डिसेंबरपासून चालू झालाय, उद्या तिथून थेट बँकॉक सुरू झालं तर पनवेलच्या माणसाला अलिबागपेक्षा बँकॉक सोपं पडेल, अलिबागच्या रस्त्याला निदान शनिवारी तरी. फिरायचंच असेल तर हा सल्ला अगदी योग्य आहे, जिथे मान मिळतो तिथे पैसे खर्च करावेत, मी स्वतः हेच सांगते सगळ्यांना. पण टुरिस्ट व्हिसावर जाणारे सगळे काही टुरिस्ट नसतात. लेकीचं बाळंतपण व्हिएतनामच्या दा नांगला होत नाही. नातवाची मुंज, जावयाचं ऑपरेशन, भावाचं अंत्यदर्शन, यासाठी जाणारी माणसं पण याच रांगेत, याच फॉर्मवर, याच चौकोनांत असतात, आणि त्यांना देश बदलून चालत नाही.

मग करायचं काय? काही लोकांचं म्हणणं जशास तसं. ते आपल्याला छळतात, आपण त्यांना छळू. ब्राझीलने केलंय, १० एप्रिल २०२५ पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या लोकांना परत व्हिसा लावला, कारण ते देश ब्राझीलच्या लोकांना लावतात. आपण तसं करावं असं मला वाटत नाही, गोव्याचा शॅकवाला आणि वेरूळचा गाइड यांचं पोट मारून कोणता सूड मिळणार. पण दबाव टाकून उपयोगच होत नाही असं जे म्हणतात त्यांनी ऑक्टोबर २०२१ आठवावा. पुण्यात बनलेली कोविशील्ड घेतलेल्या भारतीयांना ब्रिटनने लस न घेतलेल्यांसारखं वागवायचं ठरवलं, लस मूळची त्यांच्याच ऑक्सफर्डची होती तरी. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनच्या नागरिकांना दहा दिवसांचं क्वारंटाइन लावलं. तीन दिवसांत ब्रिटनने जाहीर केलं की ११ तारखेपासून कोविशील्डवाल्या भारतीयांना क्वारंटाइन नाही. मागे आपणही नियम काढून घेतला. म्हणजे नेमकं मागणं असेल आणि ठाम मागितलं तर ऐकतात.

आपल्याकडे मागायच्या संधीही आल्या होत्या. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनबरोबर व्यापार करारावर सह्या झाल्या. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिख्टेनश्टाइन या चार देशांबरोबरचा करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, आणि हे चारही शेंगेनमध्ये आहेत. या करारांत माणसांच्या येण्या-जाण्याची कलमं आहेत पण ती कंपन्यांच्या, प्रोफेशनल लोकांच्या कामाची. फिरायला किंवा पोराबाळांना भेटायला जाणाऱ्याची बाजू मांडणारा कोणी त्या टेबलावर नसतो, कारण त्याची काही असोसिएशन नाही. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने भारतीयांसाठी एक सवलत दिली, तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरलेत तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, मग पाच वर्षांचा. चांगली आहे, आमच्या ओळखीतल्या काहींना मिळाला. पण ती ज्यांना आधीच मिळतोय त्यांच्यासाठी. पहिल्यांदा अर्ज करणारा नेरूळ गावठाणातला माणूस जिथे होता तिथेच आहे. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी कॉम्प्युटरवर नोंद व्हायला लागलीये, कोण कधी आला, कधी गेला सगळं. म्हणजे कोणत्या देशाचे, कोणत्या प्रकारचे लोक खरंच परत जात नाहीत याचा आकडा त्यांच्याकडे असणार. मग ऐंशीच्या आजोबांबद्दल रास्त शंका कशाच्या आधारावर, हे विचारायची हीच वेळ आहे.

मागणं माझं फार मोठं नाही. व्हिसा माफ करा म्हणत नाही, फी कमी करा म्हणत नाही, सगळ्यांना द्या तर मुळीच म्हणत नाही. नाकारायच्या आधी एक ईमेल, की अमुक गोष्ट कळत नाहीये, दहा दिवसांत खुलासा द्या. आणि तरी नाकारलंच तर दोन ओळी, कोणता कागद, त्यात काय पटलं नाही. यासाठी जादा पन्नास युरो मागितले तरी लोक आनंदाने भरतील, मी आमच्या ऑफिसात बसून खात्रीने सांगते.

पण हे मागताना एक अडचण आहे आणि ती आपण स्वतःच करून ठेवलीये. भारताने २७ नोव्हेंबर २०१४ ला ४३ देशांसाठी ऑनलाइन व्हिसा सुरू केला, आज तो दीडशेच्या वर देशांना मिळतो, झटपट मिळतो, आपण त्याचं कौतुक करतो आणि करावंच. पण तो नाकारला तर आपणही परदेशी माणसाला फक्त रिजेक्टेड एवढं दाखवतो, आणि फी प्रक्रियेची आहे, निर्णय काहीही झाला तरी परत मिळणार नाही हे आपल्याही साइटवर लिहिलेलं आहे. म्हणजे तिकडच्या अधिकाऱ्याने उद्या विचारलं की तुम्ही तरी देता का कारणं, तर आपल्या अधिकाऱ्याने खाली बघायचं? गृह मंत्रालयाला यासाठी ना कुठल्या देशाची परवानगी लागत, ना करार. सिस्टीम आपली आहे, नाकारणारा अधिकारी आपला आहे, त्याला एक रकाना जास्त भरायला लावायचाय. ठाणे, कल्याण, मावळ, रायगड या चार मतदारसंघांत जेवढी घरं आहेत ज्यांची पोरं बाहेर आहेत, तेवढ्यांनी आपापल्या खासदाराला एक पत्र लिहिलं तरी हा प्रश्न लोकसभेत तारांकित, म्हणजे मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागणारा, म्हणून विचारला जाऊ शकतो. आधी आपण तो रकाना सुरू करू, आणि मग पुढच्या कराराच्या टेबलावर समोरच्याला सांगू की आम्ही अमुक तारखेपासून लेखी कारण देतोय, तुम्ही कधीपासून देताय ते बोला.